नवे डबे उशिरा येतात, त्याचं मूळ निविदेत आहे

सांधेबदल

सार्वजनिक वाहतूक संस्थेने रेल्वेच्या नव्या डब्यांचं कंत्राट दिलं, की दोन-तीन वर्षांनी ठरलेली बातमी येते: डबे लांबले. मग कारखान्याला बोल लावले जातात. माझं मत असं की उशिराचं बी बहुतेक वेळा निविदेतच पेरलेलं असतं. कारखान्यात ते फक्त उगवतं.

बॉस्टनचं उदाहरण घेतो. तिथल्या एमबीटीए या संस्थेने २०१४ मध्ये मेट्रोच्या ऑरेंज आणि रेड या दोन मार्गांसाठी २८४ डब्यांचं काम एका चिनी सरकारी कंपनीला दिलं. तेव्हा तिचं नाव सीएनआर होतं, पुढच्या वर्षी विलीनीकरण होऊन ती सीआरआरसी झाली. तिची बोली सुमारे ५६.६ कोटी डॉलरची होती, प्रतिस्पर्धी बंबार्डियर कंपनीची शंभर कोटींच्या वर. एवढी तफावत दिसल्यावर कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं, की हे काम त्या पैशांत होणार कसं?

त्यावर अट अशी की डबे मॅसॅच्युसेट्समध्येच जोडायचे. केंद्राचा निधी घेतला असता तर एका राज्यापुरती अशी अट घालता आली नसती, म्हणून राज्याने स्वतःचे पैसे घातले. कंपनीने स्प्रिंगफील्डला कारखाना उभा केला. अमेरिकेत तोवर मेट्रोचा एकही डबा न बांधलेली कंपनी, नवी इमारत, नवे कामगार आणि नवा आराखडा, हे सगळं एकाच कंत्राटात आलं. पुढे रेड मार्गाचे आणखी १२० डबे वाढवून मागणी ४०४ वर नेली.

ऑरेंजचे डबे जानेवारी २०२२ पर्यंत आणि रेडचे सप्टेंबर २०२३ पर्यंत पूर्ण व्हायचे होते. मार्च २०२४ मध्ये करार बदलला. १४.८ कोटी डॉलरपर्यंत वाढीव रक्कम मंजूर झाली, साठलेला विलंबदंड माफ झाला, आणि नव्या तारखा पडल्या डिसेंबर २०२५ आणि डिसेंबर २०२७. यात कारखान्याची चूक नाही असं मी म्हणत नाही. पण ही वेळ येणार हे २०१४ सालीच दिसायला हवं होतं.

कडी

असहमत, आणि ठामपणे असहमत.

राज्यातच जोडणी करायची ही अट कंपनीने वाचली होती. नवा कारखाना लागेल, माणसं शिकवावी लागतील, हे तिला माहीत होतं. तरी तिने आकडा टाकला, तारखा मान्य केल्या, सही केली. सही करताना कुणी हात धरला होता का? अवघड काम स्वस्तात करतो म्हणायचं, प्रतिस्पर्ध्यांना बाहेर काढायचं आणि मग परिस्थितीकडे बोट दाखवायचं, हे मान्य केलं तर प्रामाणिक आकडा टाकणारी कंपनी प्रत्येक निविदेत हरेल.

तुम्ही दंडमाफीचा उल्लेख एका वाक्यात उरकलात. मला त्या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. पुढच्या बोलीदाराने त्यातून काय शिकायचं? उशीर केला तर दंड सुटतो आणि वर किंमतही वाढवून मिळते. फिलाडेल्फियाच्या सेप्टा या वाहतूक संस्थेने याच कंपनीला २०१७ मध्ये ४५ दुमजली डब्यांचं काम दिलं होतं. ते २०१९ पासून यायचे होते. एप्रिल २०२४ मध्ये सेप्टाने कंत्राट रद्द केलं. तोवर पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन झाली होती, तरी त्यांनी ते धैर्य दाखवलं. माझ्या लेखी तेच बरोबर.

सांधेबदल

कडी, रद्द करण्याचं धैर्य मलाही आवडतं, पण रद्द केल्यावर प्रवाशाच्या हाती काय येतं? पुन्हा निविदा, पुन्हा आराखडा, पुन्हा पहिला डबा. सात वर्षं गेली आणि डबा एकही नाही. बॉस्टनकडे निदान अर्धी वाट चाललेला ताफा होता. ऑरेंज मार्गावर निम्म्याहून अधिक नवे डबे आलेले असताना दुसऱ्या कंपनीचे आणायचे, तर सुटे भाग दोन तऱ्हेचे ठेवा, कामगारांना दोन तऱ्हांचं प्रशिक्षण द्या. अशा जागी अडकलेल्या संस्थेला दंड वसूल करण्याची ताकद उरत नाही. म्हणूनच म्हणतो, ताकद फक्त सही होण्याआधी असते.

फिटर

मी बरीच वर्षं डब्यांच्या चाचण्यांवर काम केलं आहे. कोणत्या कारखान्यात ते सांगणार नाही. दोघांच्या बोलण्यात कारखाना म्हणजे बंद पेटी वाटते, म्हणून आतलं थोडं लिहितो.

डबा म्हणजे आधी सांगाडा. तो उभा राहिला की त्याला दोन टोकांकडून दाबून बघतात. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या प्रवासी डब्याने ८ लाख पौंडांचा दाब सोसून मूळ आकारात राहिलं पाहिजे. कॅलिफोर्निया आणि मध्यपश्चिमेकडच्या राज्यांनी मिळून २०१२ मध्ये १३० दुमजली डब्यांची मागणी दिली, सुमारे ३५.२ कोटी डॉलरची. काम निप्पॉन शार्यो या जपानी कंपनीकडे, रोशेल, इलिनॉय इथल्या कारखान्यात. ऑगस्ट २०१५ मध्ये पहिला सांगाडा याच दाबाखाली नापास झाला. तीन वर्षं गेल्यावर कळलं की सांगाड्याची रचनाच पुन्हा करावी लागणार. आणि या कामासाठीचा केंद्राचा प्रोत्साहन निधी सप्टेंबर २०१७ च्या अखेरीला संपत होता. शेवटी २०१७ मध्ये काम सीमेन्सकडे गेलं आणि दुमजलीऐवजी एकमजली १३७ डबे ठरले, कारण सीमेन्सच्या सॅक्रामेंटोच्या कारखान्यात तशा घाटाचे डबे आधीच बनत होते. मध्यपश्चिमेत ते प्रवाशांसाठी धावायला २०२२ उजाडलं. मागणीपासून दहा वर्षं.

यात खलनायक शोधत बसू नका. सांगाडा नापास होणं हा गुन्हा नाही, चाचणी त्यासाठीच असते. माझं दुःख वेगळं आहे. वेळापत्रक लिहिणारा माणूस पहिल्या डब्याची चाचणी पहिल्याच फेरीत पास होईल असं धरून चालतो. मी ज्या ज्या कामावर होतो त्यांपैकी एकाही ठिकाणी पहिली फेरी पास झालेली पाहिली नाही. ब्रेकचं सॉफ्टवेअर आणि दाराचं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या पुरवठादारांचं असतं. दोघांची पहिली गाठ पडते ती डब्यातच, आणि ती भेट फारशी सुखाची नसते.

लाल बावटा

फिटरभाऊंना पूर्ण अनुमोदन. मी आणखी पुढे जाते: सगळा उशीर वाईट नसतो. वॉशिंग्टनच्या मेट्रोने कावासाकीचे ७४८ डबे घेतले, २०२० मध्ये शेवटचे आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यातली एक गाडी रुळावरून घसरली. आसावरची चाकं बाहेरच्या बाजूला सरकली होती. सगळे ७४८ डबे, म्हणजे ताफ्याचा सुमारे ६० टक्के भाग, बाजूला काढावा लागला.

ॲमस्टरडॅम ते ब्रुसेल्स धावणारी फिरा ही वेगवान रेल्वेसेवा आठवते का? इटलीच्या आन्साल्दोब्रेदा कंपनीच्या गाड्या. सेवा डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली आणि जानेवारीत बंद पडली. त्या आधीच कितीतरी वर्षं लांबल्या होत्या, आणि तरीही रुळावर आणायला नको होत्या. तारखेचा एवढा धाक घातला तर अपुरी गाडी प्रवाशांच्या माथी मारली जाईल.

कारशेडवाली

लाल बावटा, तुमचा मुद्दा ऐकायला चांगला आहे, पण त्याची किंमत आमच्या शेडमध्ये चुकती होते. मी एका शहरी संस्थेच्या देखभाल विभागात आहे.

नवा डबा एक वर्ष लांबला म्हणजे जुना डबा एक वर्ष जास्त चालतो. त्याचे भाग बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली असते. मग आम्ही एक डबा कायमचा उभा करतो आणि त्याच्या अंगावरचं काढून दुसरे चार चालवतो. पुढच्या वर्षी दुसरा उभा राहतो. निवृत्त व्हायच्या डब्याची मोठी दुरुस्ती काढावी लागते, म्हणजे नव्याचे पैसेही द्यायचे आणि जुन्याचेही. हा खर्च 'विलंबाचा खर्च' म्हणून कुठल्याच अहवालात एकत्र दिसत नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर बॉस्टनच्या ऑरेंज मार्गावर जुलै २०२२ मध्ये पुलावर उभ्या गाडीला आग लागली, एका प्रवासी बाईने खाली नदीत उडी मारली. ती गाडी जुन्या ताफ्यातली होती, १९८० च्या आसपासची. नवे डबे करारानुसार तोवर सगळे आलेले असायला हवे होते. तेव्हा उशीर म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण मला मान्य नाही.

उशीर झाला म्हणून गाडी पक्की होऊन येते, हेही खरं नाही. न्यूयॉर्क मेट्रोचे आर-१७९ डबे बंबार्डियरकडून दोन वर्षांहून अधिक उशिरा पूर्ण झाले, डिसेंबर २०१९ मध्ये. पुढच्याच महिन्यात दारांच्या दोषामुळे २९८ डबे सेवेतून काढले.

लाल बावटा

कारशेडवाली ताई, जुन्या गाडीचा धोका मी हिशेबात धरला नव्हता, हे कबूल करते. नदीत उडी मारण्याची पाळी येते त्या माणसाला चाचणीचं महत्त्व समजावून उपयोग नाही. पण फिराच्या बाबतीत माझं मत तेच आहे.

मोजपट्टी

संस्थेच्या चुकीचं शुद्ध उदाहरण इथे अजून आलं नाही. स्पेनमध्ये कॅन्टाब्रिया आणि अस्टुरियासच्या अरुंद मार्गांसाठी रेन्फे या सरकारी रेल्वे कंपनीने २०२० मध्ये सीएएफ कंपनीकडे ३१ गाड्या मागवल्या. दिलेली मापं जुन्या डोंगरी बोगद्यांना लागूच पडत नव्हती. २०२१ मध्ये आराखड्याच्या टप्प्यावरच ते लक्षात आलं, म्हणून गाड्या बांधल्या गेल्या नाहीत, पण वेळापत्रक २०२४ वरून २०२६ वर गेलं. २०२३ मध्ये गोष्ट बाहेर आली तेव्हा रेन्फेच्या अध्यक्षांना आणि वाहतूक खात्याच्या राज्यसचिवांना पद सोडावं लागलं. बोगदे शंभर वर्षांहून जुने होते, ते काही रात्रीत आखडले नव्हते. टेप घेऊन कुणी गेलं नाही, एवढंच.

कडी

मोजपट्टी, हे उदाहरण मला पटतं. कारण तिथे जबाबदारी कुणाची हे ठरलं आणि ती घेतली गेली. मी कारखान्यांबाबत हेच मागतोय. टोरोंटोने २००९ मध्ये २०४ ट्राम बंबार्डियरकडे मागवल्या, शेवटची जानेवारी २०२० मध्ये आली. मेक्सिकोतून आलेले भाग कॅनडातल्या थंडर बेच्या कारखान्यात नीट जुळत नव्हते, आणि आलेल्यांपैकी ६७ ट्राम २०१८ मध्ये वेल्डिंगच्या दोषापायी परत बोलवाव्या लागल्या. यात निविदेचा काय दोष? वेल्डिंग संस्थेने केलं नव्हतं.

सांधेबदल

बरोबर आहे, वेल्डिंगचा दोष मी निविदेवर ढकलणार नाही. टोरोंटोपुरता माझा मुद्दा लंगडा पडतो. पण उलट बाजूचंही बघा. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बार्ट या मेट्रो संस्थेने त्याच बंबार्डियरकडे २०१२ मध्ये मागणी दिली आणि ती पुढे ७७५ डब्यांवर गेली. सुरुवात तिथेही अडखळत झाली. पण एकच आराखडा आणि शेकडो डबे असल्यामुळे गती येत गेली, आणि काम अंदाजापेक्षा कमी खर्चात बसलं. तीच कंपनी, वेगळा निकाल. छोट्या मागण्यांमध्ये कारखान्याचा हात बसेपर्यंत काम संपतं. शेजारच्या चार संस्थांनी आपापल्या खिडकीचं माप आणि आसनाचा रंग धरून बसण्यापेक्षा एक डबा मान्य केला, तर हे छोट्यांनाही जमेल.

फिटर

एक कलम सुचवतो. पहिला डबा सगळ्या चाचण्यांतून पार पडेपर्यंत पुढच्यांचं उत्पादन सुरूच करायचं नाही. ॲमट्रॅक या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या नव्या वेगवान असेला गाड्या आठवा. २०१६ मध्ये २८ गाड्यांची मागणी ॲल्स्टॉमला दिली, २०२१ मध्ये त्या धावायच्या होत्या, धावल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. गाडी आणि रूळ यांचा मेळ संगणकावर सिद्ध होत नव्हता, त्यात वर्षं गेली, आणि तोवर इकडे गाड्या बांधून रांगेत उभ्या राहत होत्या. मग बांधलेल्या गाड्यांमध्ये दोष सापडले. एका गाडीत दुरुस्ती करणं आणि बारा गाड्या पुन्हा उघडणं यात किती फरक असतो, ते ज्याने उघडल्या आहेत त्याला विचारा.

कारशेडवाली

फिटरदादा, कलम चांगलं आहे, पण त्याने कागदावरची तारीखच दीड-दोन वर्षं पुढे जाईल. एवढी लांबची तारीख लिहून निविदा मंजूर करणारं संचालक मंडळ मी अजून पाहिलेलं नाही. आणि त्या दोन वर्षांत जुने डबे चालवण्याचा खर्च निविदेच्या किमतीत धरणार का? आज तो कुणीच धरत नाही.

कडी

धरायला हवा. आणि पहिली चाचणी नापास झाली तर पुढच्या प्रत्येक महिन्याचा तो खर्च कारखान्याने द्यायचा, हे त्याच कलमात लिहा. मग फिटरभाऊंच्या कलमाला माझा पाठिंबा आहे.

सांधेबदल

असं लिहिलं तर बोली वाढून येतील, कदाचित बॉस्टनच्या त्या शंभर कोटींच्या आसपास. माझी त्याला हरकत नाही. रेड मार्गावर १९६९-७० सालचे डबे २०२४ मध्येही धावत होते.