बाबांना पार्किन्सन्स आहे, आता दादाची लक्षणं बघून काळजी वाटतेय. मदत हवी आहे

बाबांना साठीनंतर पार्किन्सन्सचं निदान झालं. औषधांनी ते बऱ्यापैकी ठीक आहेत. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे, वय ४८.

चालताना दादाचा उजवा हात हलतच नाही, अंगाला चिकटून राहतो. त्याच बाजूचा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर म्हणून व्यायाम चालू आहेत पण उतार नाही. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. वहिनी सांगते की तो झोपेत ओरडतो, लाथा झाडतो. काही करपलं तरी त्याला वास येत नाही, आणि बाबांचाही वास कंप सुरू व्हायच्या कितीतरी आधी गेला होता, म्हणून मला जास्त धास्ती वाटते. दादाचा हात मात्र कापत नाही. तेवढ्यावरून तो डॉक्टरकडे यायला तयार नाही.

हा आजार घराण्यात उतरतो का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का? कंप नसताना पार्किन्सन्स असू शकतो?

प्रतिसाद:
माझ्या आईला हा आजार आहे, त्यामुळे तुमची घालमेल कळते. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणालाच तो नसतो; १०० पैकी साधारण १० ते १५ जणांच्या नात्यात सापडतो. आईवडील किंवा भावंडाला असेल तर धोका दुप्पट-तिप्पट होतो, पण मुळात तो एक-दोन टक्केच असतो. एलआरआरके-२ किंवा जीबीए-१ या जनुकांत दोष असलेल्या अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणून चाचणीपासून सुरुवात नको. पन्नाशीच्या आत लक्षणं दिसली तर डॉक्टर स्वतःच तो विषय काढतात, आणि आधी समुपदेशन हवंच.

कंपाचं म्हणाल तर सुरुवातीला तो सगळ्यांना नसतो. हालचाल मंदावणं हे मुख्य लक्षण. तुम्ही लिहिलेल्यापैकी झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते आजाराच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतं. वास जाणं आणि बद्धकोष्ठताही तशीच, पण त्यांना इतर कारणंही पुष्कळ असतात. निदान न्यूरॉलॉजिस्ट तपासूनच करतात. साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. दादांच्या चालण्याचा व्हिडिओ आणि जुनं-नवं हस्ताक्षर सोबत न्या. 'खांदा बरा होत नाही म्हणून दाखवू' असं म्हटलं तर ते कदाचित येतील.

त्यांना काही गोळ्या चालू आहेत का? हे नक्की बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. वहिनीला विचारलं. चक्कर येते म्हणून तो बऱ्याच महिन्यांपासून सिनारिझिन घेतोय, दुकानातून स्वतःच आणतो.

प्रतिसाद:
ही गोळी दीर्घकाळ घेतल्यानं पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, आणि ती बंद केल्यावर बऱ्याचदा हळूहळू कमीही होतात. हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, गोळ्यांची पट्टी दाखवा. पण त्या गोळीनं वास जाणं किंवा झोपेतल्या लाथा यांचा उलगडा होत नाही, तेव्हा 'गोळीमुळेच असेल' म्हणून दाखवणं टाळू नका. आणि तोवर पलंगाजवळच्या टोकदार, काचेच्या वस्तू हलवायला वहिनींना आजच सांगा.