पणजोबांच्या वडिलांचं नाव हवंय, कागद १८१२ चा आहे (अर्जंट)

भरकटलेला: वंशावळ पणजोबांपाशी येऊन अडकलीय. गाव खेड तालुक्यात. चुलत्यांच्या ट्रंकेत मोडी कागद सापडला, एकाकडून वाचून घेतला, त्यात 'राघू बिन संतू' आणि 'ठकू कोम संतू' अशी नावं आहेत. राघू आमचे पणजोबा. पण बिन संतू म्हणजे संतूशिवाय असंच ना, बिनपाण्याचं म्हणतो तसं? म्हणजे संतूनं त्यांना वाटणीतून काढलं होतं का? आणि त्या बाईची कोम, म्हणजे जात, कशाला लिहिलीय? त्यात आजोबांचा जन्म १९२२ चा, मग त्यांचे वडील १८१२ ला कुठून आले? रविवारी भाऊबंद जमणारेत, तक्ता छापायला टाकायचाय, लवकर सांगा.

सह्याद्रीवेडा: खेड म्हणजे आपलं कोकण! आधी ग्रामदेवतेच्या गुरवाला गाठा. होळीला पालखीचा मान कुणाचा कितवा हे त्याला तोंडपाठ असतं, त्यावरून कुठली शाखा थोरली ते कळतं. आम्ही असंच चार पिढ्या मागं गेलो.

निवृत्त_तलाठी: दोन खेड आहेत, रत्नागिरीचं एक, पुण्याचं एक. कुठलं? आणि कागद कसला, फेरफार की खत? स्टँप आहे का? १८१२ च्या आधी काही लिहिलंय का? फोटो का नाही टाकला?

नाशिककर_ताई: एवढं करण्यापेक्षा सरळ नाशिकला जा. गाव आणि आडनाव सांगितलं की क्षेत्रोपाध्ये, म्हणजे घराण्यांच्या नोंदी ठेवणारे तिथले भटजी, वही काढतात. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची सही मिळाली, 'र'ची शेपटी सासऱ्यांच्या सहीत असते तश्शीच, मी तिथेच रडले.

भरकटलेला: खेड म्हणजे राजगुरुनगर हो, अजून कुठलं. गहाणखत आहे. वर राणीचं तोंड. १८१२ च्या आधी शके लिहिलंय, ते तर असतंच ना. खाली एक गोल काढलाय, शिक्का असावा. फोटो नको, त्या जमिनीवरून अजून बोलणं बंद आहे दोन घरांचं.

बिनधास्त_०७: डीएनए टेस्ट करा, विषय संपला.

निवृत्त_तलाठी: डीएनएत संतू नाव छापून येतं का हो? त्यापेक्षा सातबाऱ्यावरून मागं मागं फेरफार काढा, वारसनोंदी मिळतील.

मोडीप्रेमी: अहो शके असतंच काय! त्यात ७८ मिळवा, इसवी सन १८९० येतं. राणी गादीवरच १८३७ ला आली, १८१२ ला पुण्यात पेशवाई होती. 'बिन' म्हणजे मुलगा, राघू संतूचा मुलगा, कुणी कुणाला काढलेलं नाही. 'कोम' म्हणजे बायको, त्याचा जातीशी संबंध नाही. ठकू संतूची बायको. आणि तो गोल शिक्का नाही, बांगडी आहे. लिहिता न येणाऱ्या बाईची निशाणी बांगडी, कुणब्याची नांगर. पण नवऱ्याऐवजी बाईची निशाणी का? राघूच्या नावापुढे 'अज्ञान' लिहिलंय का बघा.

भरकटलेला: लिहिलंय!! मला वाटलं अडाणी म्हणतायत.

मोडीप्रेमी: अज्ञान म्हणजे वयानं लहान. बाप गेलेला, पोर लहान, आईनं पालक म्हणून जमीन गहाण टाकलीय. सख्खी की सावत्र, ते मात्र कागदावरून ठरत नाही.

सह्याद्रीवेडा: पुण्याचं असलं तरी गुरवाला विचारायला काय हरकत आहे?

नाशिककर_ताई: सख्खी की सावत्र ते नाशिकच्या वहीत सापडेल, आमच्यात तिन्ही बायकांची नावं निघाली.

भरकटलेला: आत्ताच आत्याला फोन केला. शहाऐंशीची आहे, जेवली का विचारलं तर आठवत नाही, पण ठकू म्हणताच म्हणाली, अरे ती तात्यांची (म्हणजे राघूंची) सख्खी आई, शेत सोडवेपर्यंत हातात काचेची बांगडी घातली नाही म्हणे, विधवा होती तर तशीही घातली नसतीच पण आत्या ऐकत नाही. आणि तात्या सांगायचे, मला बाप आठवत नाही, खुंटीवरचं पागोटं तेवढं आठवतं. हे मी आत्याला आजपर्यंत विचारलंच नव्हतं, ट्रंका उचकत बसलो. तक्त्यात संतूच्या शेजारी ठकूचंही नाव टाकतोय, चुलते म्हणतायत बायकांची नावं कशाला.

निवृत्त_तलाठी: टाका. शेत तिनं सोडवलंय.

गोदाकाठ: आमच्या कागदात बिन नाही, 'वलद' आहे. ते आडनाव का?

निवृत्त_तलाठी: वलद म्हणजे पण मुलगाच. नवीन धागा काढा, आणि गाव कुठलं ते आधी लिहा.