'रोख जामीन बंद' हे वाचून तुम्हाला काय कळतं?

अर्धविराम
एका मासिकासाठी अमेरिकेतल्या कोर्टकचेरीवरचा लेख मराठीत आणते आहे. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून 'कॅश बेल' बंद केली, असा त्यात भाग आहे. मी लिहिलं, "इलिनॉयने रोख जामीन बंद केला." मुद्रितं तपासणाऱ्या काकांचा फोन आला, "अगं, फारच कडक झाले की! म्हणजे आता खटला संपेपर्यंत आतच?" नेमका उलटा अर्थ! तिथे 'पैसे भर, नाहीतर आत बस' हा प्रकार संपलाय. सोडायचं की ठेवायचं ते न्यायाधीश ठरवतात, माणूस पळून जाईल का, कोणाला इजा करेल का हे बघून. खिसा बघून नाही. एका ओळीत बसेल असं काहीतरी सुचवा. लेखात पुढे 'बेल बॉण्ड्समन'ही आहेत, म्हणजे पैसे घेऊन आरोपीची हमी देणारे धंदेवाले. त्यांचं काय करू? मजकूर शुक्रवारी द्यायचाय.

गिरणगावकर
"पैसे भरून सुटण्याची पद्धत बंद." दोन शब्द जास्त झाले तर होऊ देत, मासिक काही तारेच्या दराने छापत नाहीत.

उकार_वेलांटी
'जामीन बंद केला' इथेच गाडी घसरली. जामीन म्हणजे माणूस. मूळ अरबी, हमी घेणारा. "मी त्याला जामीन आहे", "जामीन राहिलो" हे आपलं खरं मराठी. त्याने घेतलेली जबाबदारी ती जामिनकी. वर्तमानपत्रांनी माणसाचं नाव सुटकेला देऊन टाकलं आणि मग माणूस बेनाव झाला म्हणून 'जामीनदार' काढला. सुताराला कोणी सुतारदार म्हणतं का? आणि कृपा करून 'जामीनावर' लिहू नका. जमीन-जमिनीवर, तसं जामीन-जामिनावर.

मधली_सुट्टी
सुतारदार हे बरंय. पण ठाणे-ठाणेदार चालतंच ना? जामीन ही आता 'मिळायची' वस्तू झाली, ती देववणारा तो जामीनदार. शंभर वर्षांपूर्वीचा अर्थ घेऊन आज फिर्याद कशाला?

किल्ला_कोर्ट
अर्धविरामताई, तुमच्या काकांची चूक नाही. आपल्याकडे कॅश बेल ही वकिलाने मागून घ्यायची गोष्ट आहे. मॅजिस्ट्रेट म्हणतात, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आता जामीनदार आणायचा म्हणजे त्याचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप नाहीतर ऐपतीचा दाखला, मग त्या सगळ्याची पडताळणी. आठवडा कुठे जातो कळत नाही. म्हणून आम्ही उभ्या उभ्या अर्ज टाकतो: तूर्त कॅश बेलवर सोडा, चार आठवड्यांत शुअरिटी, म्हणजे जामीनदार, देतो. पैसे भरले आणि कागद वेळेत जेलला पोचला की पोरगं रात्री घरी जेवायला. तिकडे ज्याच्या नावाने बोटं मोडतात तीच गोष्ट इथे सवलत आहे. इथे अडतं ते माणसावाचून. गोरखपूरहून आलेल्या सेंटरिंगवाल्याने मुंबईत पगारपत्रकवाला ओळखीचा माणूस आणायचा कुठून? ठेकेदार तर अटक झाल्या दिवसापासून फोन उचलत नाही. मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन 'ओळखीचे' होणारे भाडोत्री जामीनदार भेटतात.
तेव्हा तुमच्या वाचकाला 'रोख जामीन बंद' म्हणजे सवलत बंद असंच वाटणार.

अर्धविराम
हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे शब्द बरोबर असून वाक्य खोटं ठरतंय.

गिरणगावकर
रेशनकार्डावरून आठवलं. ८२ च्या संपात आमच्या शेजारच्या खोलीतल्या एकाला मोर्चातून उचलला. वडील जामीन राहिले (वेलांटीसाहेब, तुमचा शुद्ध वापर आमच्या चाळीत होता बरं का). कोर्टातल्या कारकुनाने कार्डाच्या पाठीवर जांभळा शिक्का मारला आणि त्यात शाईने केस नंबर घातला, याच कार्डावर आणखी कोणी सुटू नये म्हणून. पुढची कितीतरी वर्षं आई ते कार्ड घेऊन रांगेत उभी राहिली की दुकानदार ते उलटं करून बघायचा आणि साखर मापता मापता विचारायचा, "येतो ना तो तारखेला?" आईला त्या शिक्क्याची लाज वाटायची. वडिलांना अजिबात नाही.

मधली_सुट्टी
मला लहानपणी 'जातमुचलका' म्हणजे जात बघून सोडतात असं वाटायचं. अजूनही फार चुकत नसेन म्हणा.

उकार_वेलांटी
ती 'जात' वेगळी. अरबी जात म्हणजे स्वतः, "जातीने हजर राहा" मधली. मुचलका तुर्की, लिहून दिलेला करार. जातमुचलका म्हणजे स्वतःच स्वतःबद्दल लिहून देणं, मध्ये दुसरा कोणी नाही.

धातुपाठ
मुचलका तुर्की कसा? 'मुच्' हा संस्कृत धातू समोर दिसतोय. मुंचति, मुक्त, मोचन. बंधनातून सोडवतो तो मुचलका.

उकार_वेलांटी
मग मुचकुंद ऋषीही जामिनावरच सुटले असतील.

धातुपाठ
थट्टा करा. पण परके शब्द घासत बसण्यापेक्षा आपला 'प्रतिभू' का नको? याज्ञवल्क्यस्मृतीत तीन प्रकारचे प्रतिभू सांगितलेत: दर्शन, प्रत्यय आणि दान. हा माणूस हजर होईल याची हमी, हा विश्वासू आहे याची हमी, आणि याने नाही दिले तर मी देईन ही हमी. ताईंचा सगळा प्रश्न या तीन शब्दांत आहे.

उकार_वेलांटी
हे मात्र मानलं. जुन्या दफ्तरी भाषेतही तीच विभागणी आहे: हाजिरजामीन, फैलजामीन, मालजामीन. हजेरीचा, वागणुकीचा आणि पैशाचा. म्हणजे 'परक्या' शब्दांनाही ते कळत होतं. आपण तिन्हींची पुढची टोकं छाटून नुसता 'जामीन' ठेवला. माझ्या मते तर तिकडच्या पद्धतीचं दुखणंच हे की हाजिरजामिनाच्या जागी मालजामीन घुसला.

मधली_सुट्टी
'प्रतिभू' छापलंत तर काका पुन्हा फोन करतील, ही कुठली देवी म्हणून.

किल्ला_कोर्ट
शब्दावरून सर्वोच्च न्यायालयातही घोळ झालाय. १९७८ चा मोती राम खटला. मध्य प्रदेशातला एक गवंडी. वरच्या कोर्टाने सोडायचा हुकूम दिलेला, पण खाली मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. प्रकरण पुन्हा वर गेलं तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच की 'बेल' म्हणजे काय, कारण कायद्यात व्याख्याच नव्हती. त्यांनी सांगितलं की नुसत्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडणं हीसुद्धा बेलच, जामीनदार असो वा नसो. गवंड्याची रक्कम हजारावर आणली. कायद्यात व्याख्या आली ती थेट फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून लागू. तिथे जामीनदारासकट ते 'बेल बॉण्ड' आणि त्याच्याशिवाय ते नुसतं 'बॉण्ड'.
आणि एक. तुमच्या इलिनॉयच्या परिच्छेदात बॉण्ड्समन असतील तर मूळ लेख तपासा. त्या राज्याने ते साठच्या दशकातच हद्दपार केले, तिथे जामिनाच्या रकमेचे दहा टक्के थेट कोर्टातच भरत. धंदेवाले आहेत ते बाकीच्या बऱ्याच राज्यांत.

अर्धविराम
तपासलं. बॉण्ड्समन पुढच्या परिच्छेदात आहेत, दुसऱ्या राज्याबद्दल. वाचले! त्यांना 'जामीनदलाल' म्हणू का?

गिरणगावकर
अडत्या म्हणा. रकमेच्या दहा टक्के घेतो आणि माणूस सुटला-बुडला तरी परत देत नाही, तो अडत्याच. वाशीच्या मार्केटात ओळीने बसलेत.

उकार_वेलांटी
अडत्या माल विकून देतो. हा माल सोडवून देतो.

अर्धविराम
आणि 'प्रीट्रायल डिटेन्शन'मधल्या, म्हणजे निकालाआधीच आत असलेल्या माणसाला 'कच्चा कैदी' चालेल ना?

मधली_सुट्टी
मला तो शब्द टोचतो. कच्चा म्हणजे आज ना उद्या पिकणार हे गृहीतच धरलेलं.

किल्ला_कोर्ट
कारागृहाच्या कागदात 'न्यायाधीन बंदी' लिहितात. पण जेलच्या दारात उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती 'कच्चा आहे अजून' असंच म्हणेल, आणि त्यात तिला आशा दिसते. पक्का झाला की संपलं. २०२२ अखेर देशभरात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. एवढ्या लोकांचा शब्द टोचतो म्हणून बदलायचा?

धातुपाठ
बहुमताने शब्द ठरत असते तर 'धन्यवाद'च्या जागी कधीच 'थँक्यू' आलं असतं.

मधली_सुट्टी
आलंय.

उकार_वेलांटी
मघाचं एक राहिलं. २०२१ च्या ऑक्टोबरात एका नटाच्या मुलासाठी एक नटी कोर्टात गेली होती. माझ्या वर्तमानपत्रात चक्क "जामीन राहिली" छापलं होतं. कात्रण ठेवलंय.

किल्ला_कोर्ट
तो जास्तीची एक रात्र का राहिला तेही ठेवा मग. हुकूम संध्याकाळी साडेपाचच्या आत आर्थर रोडच्या बाहेरच्या जामीनपेटीत पडला नाही म्हणून. पेटी हो, टपालाच्या पेटीसारखी. एवढ्या व्याख्या झाल्या, त्या पेटीला कोणी शब्द विचारला नाही.

अर्धविराम
कळवते: संपादकांनी "पैसे भरून सुटण्याची पद्धत बंद" हे लांब आहे म्हणून काढलं आणि शीर्षकात "इलिनॉयमध्ये कॅश बेल बंद" टाकलं. आता काका विचारताहेत, बेल बंद झाला की बंद झाली?

गिरणगावकर
कोर्टाच्या व्हरांड्यात "बेल झाली का?" असंच ऐकलंय. झाली.

उकार_वेलांटी
जामीन झाला, तर बेलही झाला.

धातुपाठ
बेल महादेवाला वाहतात. पुल्लिंगी.

किल्ला_कोर्ट
माझी एक आज साडेतीनला आहे. झाली तर सांगतो.