शब्दचर्चा: ‘दंगल’ म्हणावं का? (‘डू द राइट थिंग’च्या निमित्तानं)

बाभूळ
आमच्या चित्रपट मंडळात शनिवारी स्पाइक लीचा ‘डू द राइट थिंग’ (१९८९) आहे. आधी वाटायचा एकपानी परिचय माझ्या गळ्यात पडलाय. गोष्ट ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंटची, उन्हाळ्यातल्या एका भाजून काढणाऱ्या दिवसाची. काळ्यांच्या वस्तीत साल या इटालियन-अमेरिकन माणसाचं पिझ्झाचं दुकान पंचवीस वर्षं चाललंय. भिंतीवर फोटो सगळे इटालियन-अमेरिकनांचे, गिऱ्हाईक बहुतेक काळं. एक जण म्हणतो, आमच्यातल्या कुणाचा तरी लावा की. साल म्हणतो, दुकान माझं, भिंत माझी. तिथून ठिणगी.

मी लिहिलं होतं: ‘किरकोळ वादाचं पर्यवसान दंगलीत होतं आणि त्यात एका तरुणाचा मृत्यू होतो.’ संध्याकाळी पुन्हा वाचलं तर वाक्य खोटं वाटलं. का, ते बोट ठेवून सांगता येईना. शब्द सुचवा. शिवाय तिथल्या घरांपुढच्या ‘स्टूप’ला काय म्हणू, आणि नावाचं मराठी करू की तसंच ठेवू?

कारकून
खोटं वाटलं कारण क्रम उलटा लागलाय. साल बेसबॉलच्या बॅटनं रेडिओ रहीम या काळ्या तरुणाचा टेप फोडतो, मारामारी रस्त्यावर येते, पोलीस येतात आणि रहीमला मारतात. दुकानाची काच फुटते ती त्यानंतर. तुमच्या ‘त्यात’मुळे आधी दंगल झाली नि तिच्या धबडग्यात कुणीतरी गेलं, असं वाटतं.

दुसरं, ‘मृत्यू होतो’. चाळीस वर्षं खर्डेघाशी केल्यामुळे हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. ‘दरम्यान सदर इसमाचा मृत्यू झाला.’ झाला म्हणजे आपोआप झाला, पाऊस झाला तसा. ‘पोलीस त्याला ठार करतात’ असं लिहा. कर्ता आला की अर्धं काम होतं.

ओसरी
कारकूनसाहेब, पटलं. पण ‘ठार करतात’नं गोळी घातल्यासारखं वाटतं. पडद्यावर दिसतं ते असं: पोलीस मागून दांडकं रहीमच्या गळ्यावर आडवं धरतो आणि दोन्ही हातांनी ओढत राहतो. सोबतचा पोलीसच ‘बास, बास’ म्हणतो. मग कॅमेरा खाली जातो आणि बुटांचे पाय जमिनीवरून उचललेले, झटके देणारे, मग थांबलेले दिसतात. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे. हातांनी करतात ते गळा ‘दाबणं’. दोरीनं, पट्ट्यानं, दांडक्यानं करतात ते ‘आवळणं’. ‘पोलीस दांडक्यानं गळा आवळून त्याला मारतात’ एवढं लिहिलं की झालं.

आणि हे लीनं हवेतून आणलेलं नाही. १९८३मध्ये मायकेल स्ट्युअर्ट या तरुणाला भुयारी रेल्वेच्या स्थानकात भिंतीवर लिहिल्याबद्दल न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पकडलं. त्यांच्या ताब्यात असतानाच तो बेशुद्ध झाला आणि पुढे रुग्णालयात वारला. खटला चालला, पोलीस निर्दोष सुटले. सिनेमा ज्या कुटुंबांना अर्पण केलाय त्यांत त्याचं कुटुंब आहे.

पैलवान
आता ‘दंगल’. आमच्या कोल्हापूरकडं कुस्तीला मैदान म्हणत्यात, फड म्हणत्यात. हिंदीवाले कुस्तीलाच दंगल म्हणत्यात आणि मराठीतल्या दंगलीला दंगा. आणि आपल्यात दंगा कोण करतंय? पोरं! ‘दंगा करू नका रे, बाबा झोपल्यात.’ एकच शब्द, पण शीव ओलांडली की गुन्हा बदलतोय.

मुद्द्याचं बोलायचं तर दंगलीला दोन बाजू लागत्यात. हिकडची माणसं आणि तिकडची माणसं, दोन्ही हातात काहीतरी घेऊन. इथं दुसरी बाजू कुठाय? साल आणि त्याची दोन पोरं रस्त्यावर उभी ऱ्हायल्यात. एक दुकान फुटतंय, लुटतंय, जळतंय. ह्याला तोडफोड आणि जाळपोळ म्हणत्यात. उगं दंगल म्हणू नये.

बाभूळ
हे फारच छान. म्हणजे माझा ‘दंगल’ दोन गोष्टी एकाच पोत्यात भरत होता. ‘उद्रेक’ कसा वाटतो?

कारकून
उद्रेक ज्वालामुखीचा, साथीचा नि अग्रलेखाचा. त्यातही कर्ता नाही. मुकी (लीनं स्वतःच केलेली भूमिका, सालच्या दुकानात पिझ्झा पोचवणारा पोऱ्या) कचऱ्याचा पत्र्याचा डबा उचलतो, त्यातला कचरा ओततो, चालत जातो आणि काचेवर भिरकावतो. उद्रेक इतक्या सावकाश होत नाही. ‘मुकी सालच्या दुकानाची काच फोडतो’ हे सरळ लिहा. वाचणाऱ्याला त्रास होऊ दे थोडा.

सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या काही समीक्षकांना भीती होती की हा बघून काळी पोरं थिएटरबाहेर पडून जाळपोळ करतील. तसं काही झालं नाही. त्या मंडळींच्या लेखीही खरी घटना ‘दुकान जळणं’ हीच होती. मुकीनं योग्य केलं का, हा प्रश्न आपल्याला गोरेच विचारतात, असं ली पुढे अनेकदा म्हणालाय.

अनुस्वार
नावाचं बघू. ‘योग्य तेच कर’ असं केलं तर दोन अडचणी. इंग्रजी आज्ञार्थ एकाला की अनेकांना, लहानाला की मोठ्याला, ते सांगतच नाही. मराठीला ‘कर’ की ‘करा’ ते ठरवावंच लागतं. सिनेमात हे वाक्य द मेयर नावाचा गल्लीतला म्हातारा, दारू पिणारा पण मनानं मोठा (ऑसी डेव्हिस), मुकीला थांबवून सांगतो. मुकी म्हणतो, एवढंच? बरं, कळलं, येतो. म्हणजे तिथे ‘कर’च. पण पोस्टरवर ते सगळ्या शहराला सांगितलेलं असतं, तिथे ‘करा’.

दुसरी अडचण ‘राइट’. ‘योग्य’ शाळेच्या फळ्यावरचं. ‘बरोबर’ गणिताच्या वहीतलं. ‘नीट वाग’ म्हटलं तर आई पाहुण्यांसमोर डोळे वटारतेय असं वाटतं. माझं मत ‘रास्त’ला. रास्त भावाचं दुकान म्हणतो ना, तो. भिंतीवर कुणाचे फोटो लावायचे हा भांडणाचा विषय असताना ‘रास्त’ चपखल बसतो, त्यात हिशोब आहे. गंमत म्हणजे फारसीतला ‘रास्त’ आणि इंग्रजीतला ‘राइट’ दूरच्या नात्यानं एकाच मुळाचे.

ओसरी
‘रास्त ते करा’ म्हटलं की हातात रेशनकार्ड असल्यासारखं वाटतं, माफ करा. नाव इंग्रजीच ठेवा ताई.

‘स्टूप’वर मात्र मी बोलणार, नाव लावून बसलेय. हा शब्द डचांचा. ब्रुकलिन मुळात त्यांचीच वसाहत आणि वस्तीच्या नावातला स्टायव्हसंट हाही डच गव्हर्नर. तिथल्या तपकिरी दगडी घरांना रस्त्यावरून थेट वरच्या मजल्याच्या दाराशी नेणाऱ्या उंच पायऱ्या असतात, तो स्टूप. ओसरी नाही, कारण वर छप्पर नाही. पडवी त्याच कारणानं नाही. ओटा म्हटलं तर हल्लीच्या वाचकाला गॅसची शेगडी दिसते. ‘पायऱ्या’ लिहा, आणि लोक तिथे काय करतात ते सांगताना ‘कट्टा’. पायऱ्यांवरचा कट्टा. कोपऱ्यावरचे तीन म्हातारे मात्र यात धरू नका, ते लालभडक भिंतीपुढे खुर्च्या टाकून बसलेत. ती भिंत मुद्दाम लाल रंगवून घेतली होती, प्रेक्षकाची काहिली व्हावी म्हणून.

पैलवान
काहिली! लई दिवसांनी ऐकला. परिचयात हाच घाला. उकाडा घामाचा, काहिली अंगाची, आणि डोकं ‘तापतं’ ते दोन्हीनं.

बाभूळ
घातला. आता एकच राहिलं: ‘वांशिक तणाव’ की ‘वर्णद्वेष’?

अनुस्वार
इथे ‘वांशिक’. ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याकडे चातुर्वर्ण्य दारात उभं राहतं, आणि शिवाय या गल्लीत काळे, इटालियन, पोर्टोरिकन, कोरियन असे सगळे एकमेकांना शिव्या घालतात. नुसत्या कातडीच्या रंगावर ते भागत नाही. शेवटी जमाव समोरच्या कोरियन दुकानाकडे वळतो तेव्हा दुकानदार झाडू फिरवत ओरडतो, मी गोरा नाही, मीही काळाच, तुम्ही-आम्ही एकच. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी एक हसतो आणि जमाव दुकानदाराला सोडून देतो. ‘काळा’ तिथे रंग राहत नाही, कोण कुणाच्या बाजूला ते सांगतो.

म्हणूनच ‘कृष्णवर्णीय’ लिहू नका अशी विनंती. तो सरकारी सोवळेपणा आहे. १९७२मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेणाऱ्यांनी ‘ब्लॅक’च्या जागी ‘दलित’ ठेवला. एका ठसठशीत शब्दाला दुसरा तितकाच ठसठशीत. तिथे सौम्य प्रतिशब्द शोधत कुणी बसलं नव्हतं.

बाभूळ
मग हे कसं वाटतंय:

‘दिवसभराच्या काहिलीनंतर रात्री सालच्या दुकानात भिंतीवरच्या फोटोंवरून भांडण होतं. पोलीस येतात आणि रेडिओ रहीमला दांडक्यानं गळा आवळून मारतात. त्यानंतर मुकी दुकानाची काच फोडतो. लोक दुकान लुटतात, जाळतात.’

कारकून
आता वाक्य खरं बोलतंय. ‘त्यानंतर’ सोडू नका, सगळा भार त्याच्यावर आहे. आणि रहीमच्या त्या अवजड टेपला ‘बूमबॉक्स’ लिहिणार असाल तर हात आखडा. १९८९ साली आमच्या घरी तसल्याला टू-इन-वन म्हणायचे.

पैलवान
आमच्यात बी. गल्लीतल्या लग्नात खांद्यावर घेऊन नाचायची पोरं. सहा मोठे सेल लागायचे, आणि सेल उतरला की गाणं रडायला लागायचं.

ओसरी
रहीमला वीस लागतात! कोरियन दुकानात तो वीस ‘डी’ सेल मागतो, दुकानदाराला ‘सी’ ऐकू येतं. तो परत सांगतो, डी. बाई म्हणते, सी? शिव्यांवर येतं सगळं. आणि मग दुकानदारही उलटून तीच शिवी हासडतो, तेव्हा रहीमला चक्क हसू फुटतं. अख्ख्या सिनेमात तो हसलेला मला एवढाच आठवतो.