तीन खड्यांची जुनी अंगठी : ‘काल, आज, उद्या’ खरं की दुकानदारी?

लेस्टरची_लेक
मंडळी, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याने बर्मिंगहॅमच्या जुन्या दागिन्यांच्या बाजारातून अंगठी घेऊन दिली. १८ कॅरट, आत जहाजाच्या नांगराचा शिक्का, मध्ये नीलम, दोन बाजूंना हिरे. ६२० पौंड. विक्रेत्या बाई म्हणाल्या, व्हिक्टोरियन काळात तीन खडे म्हणजे भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य, नवरा बायकोला तसं वचन द्यायचा. ऐकून मी विरघळलेच.

घरी येऊन बघते तर दोन्ही हिऱ्यांच्या मधोमध बारीक भोक दिसतंय! शिवाय एक हिरा गोल, दुसरा जरा चौकोनी. फसलो का? आणि आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तिचं भलतंच. एक तर तीन, त्यात नीलम, त्यात कुणा मेलेल्या बाईच्या बोटातली. "उशीखाली तीन रात्री ठेव, वाईट स्वप्नं पडली तर परत कर." जाणकारांनी सांगावं.

सांगलीकर_काका
तीन तिगाडा, काम बिघाडा! ताटात तीन पोळ्यासुद्धा एकदम वाढत नाहीत आपल्याकडे. आईचं ऐका ताई. (नवऱ्याचं अभिनंदन, मी दहाव्या वाढदिवसाला मिक्सर दिला होता.)

भिंगवाली
काका, मिक्सर अजून चालतोय का ते सांगा आधी.

लेकी, मी हॉक्लीत, म्हणजे बर्मिंगहॅमच्या दागिनेवाल्यांच्या वस्तीत, चौदा वर्षं खडे बसवायचं काम केलंय. भोक नाहीये ते. जुन्या हिऱ्याचं खालचं टोक टवका उडू नये म्हणून घासून सपाट करत. वरून पाहिलं की तेच भोकासारखं दिसतं. चौकोनी वाटतोय तो बहुधा ‘ओल्ड माइन’ कट, गोल तो ‘ओल्ड युरोपियन’. पैलू नजरेच्या अंदाजाने पाडलेले, त्यामुळे जुळे भाऊ मिळणं कठीणच. एखादा नंतर बदललेलाही असू शकतो. मला असे हिरे आवडतात. आजचा हिरा दुकानातल्या दिव्याखाली टकाटक चमकतो, हा मात्र मेणबत्तीजवळ नेऊन बघ, मोठे मोठे तुकडे पेटल्यासारखे दिसतील.

आता ‘काल-आज-उद्या’. हे व्हिक्टोरियाच्या माथी मारू नये. तीन हिऱ्यांना हा अर्थ घराघरात पोचवला तो डी बिअर्स या हिरे कंपनीच्या जाहिरातींनी, २००० नंतर. म्हणजे तुझ्या अंगठीपेक्षा तिचा अर्थ तरुण आहे! व्हिक्टोरियन लोकांना खड्यांत अर्थ घालायची हौस नव्हती असं नाही, उलट अतोनात होती. माणिक, पाचू, गार्नेट, अमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा अशी ओळ लावायचे. इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर. पण नुसत्या तीन खड्यांना असा ठरलेला अर्थ नव्हता. दिसायला छान आणि खिशाला परवडणारं, हे कारण मला जास्त पटतं. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, माल वाढला, मध्यमवर्गही घेऊ लागला. एका मोठ्या खड्यापेक्षा तीन मध्यम खडे स्वस्त पडतात आणि बोटभर पसरतात. बाजूने बघ, सोन्यात कोरलेल्या वेली असतील. खरं काम तिथे असतं आणि फोटोत कधीच येत नाही.

नांगर हा बर्मिंगहॅमच्या, सोन्याचा कस तपासणाऱ्या कार्यालयाचा. शेजारी वर्ष सांगणारं अक्षर असेल तर अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार, दोन्ही जुळवावे लागतात, नुसत्या अक्षरावर जाऊ नकोस.

नीलम मात्र तपास. भट्टीत तयार केलेले, म्हणजे कृत्रिम नीलम १९१०च्या सुमारास बाजारात आले. भिंगाखाली रंगाच्या रेषा वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या दिसल्या तर तो भट्टीतला. सरळ, कोनात वळणाऱ्या असल्या तर खाणीतला. हे मी पोळून शिकलेय. पहिल्या पगारातून तीन माणकांची अंगठी घेतली, दोन कडेची अस्सल, मधलं भट्टीतलं. विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं म्हणे.

चहाटळ
म्हणजे भूत आणि भविष्य खरं, वर्तमान खोटं. माझ्या नोकरीसारखं.
बाकी अर्थ उशिरा चिकटला तरी बिघडलं कुठे? राजपुत्र हॅरीने २०१७ साली मेगनला दिलेली आठवा. मधला हिरा बोत्स्वानाचा, कडेचे दोन डायनाच्या दागिन्यांतले. तिथे तीन खडे काहीतरी सांगतातच की.

भिंगवाली
मान्य. पण तो अर्थ त्या घराचा, दुकानातून आलेला नाही.
लेकी, एक राहिलं. ओढणी अंगठीवरून फिरव. धागा अडकला तर खडा धरणारी नखी उचलली गेलीय, आधी दुरुस्त करून घे. आणि कणिक मळताना काढून ठेव.

लेस्टरची_लेक
भिंगवालीताई, शंभर धन्यवाद! वर्षाचं अक्षर झिजून गेलंय. ओढणी अडकली, डावीकडच्या हिऱ्याला, शनिवारी दुरुस्तीला नेते. मैत्रिणीचं भिंग आणून, मागून फोनचा उजेड मारून बघितलं. रेषा सरळ आहेत, एका ठिकाणी कोनात वळतात!

आईला लगेच फोन केला, नीलम खाणीतला निघाला म्हणून. ती म्हणाली, "मग तर ठेवच उशीखाली. खोटा असता तर बाधला नसता."