माळ्यावर ठेवलेली होडीची लिथियम बॅटरी शून्य दाखवतेय, चार्जरही घेत नाही

दिवाळेकर:
नमस्कार मंडळी. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात बाबांची छोटी फायबरची होडी आहे. तिला ट्रोलिंग मोटर (होडी ढकलणारी छोटी विजेची मोटर) लावलीय आणि मोटरला १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, आत ब्लूटूथवाला बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट. पावसाच्या आधी होडी वर ओढली आणि बॅटरी नेरुळला घरी आणून माळ्यावर ठेवली. तेव्हा मीटरवर १३.० होतं. आता नारळी पौर्णिमा तोंडावर आली म्हणून खाली काढली, तर मीटर ०.८ दाखवतो. मोबाइलमध्ये बॅटरीचं नावच येत नाही. चार्जर लावला की त्याचा हिरवा दिवा तसाच राहतो, पंखासुद्धा फिरत नाही. दुकानदार म्हणाला, सेल मेले, नवी घ्या. बाबांनी पै-पै साठवून घेतलेली वस्तू आहे, एवढ्यात भंगारात घालवत नाही. खरंच गेली का? घरी कसं तपासू?

वागळेचा मिस्त्री:
दादा, थांबा. नवी घेऊ नका आणि घाईने काही जोडूही नका. मी वागळे इस्टेटला ई-रिक्षा आणि सोलरचे पॅक दुरुस्त करतो. अशा "मेलेल्या" बॅटऱ्या आमच्याकडे पावसाळा संपता संपता नेहमी येतात, आणि त्यातल्या कितीतरी नुसत्या झोपलेल्या असतात.

०.८ हा आकडा सेलचा नाहीच. सेल आणि टर्मिनल यांच्या मध्ये बीएमएस बसलेला असतो. एखादा सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की तो आतले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद करून वाट अडवतो. मग बाहेर मीटरला मिळतं ते गळतीचं व्होल्टेज, कधी शून्य, कधी तीन-चार. आत चारही सेल मिळून दहा व्होल्ट शाबूत असू शकतात. तुमचा चार्जर उठत नाही त्याचंही हेच कारण. बरेच चार्जर समोर व्होल्टेज दिसलं तरच करंट सोडतात, इथे त्यांना काहीच दिसत नाही.

उतरली कशी, तर ब्लूटूथमुळे. बीएमएस स्वतः १५ मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला ०.३६ एएच जातात, तीन महिन्यांत ३२ एएच. या जातीच्या बॅटरीत १३.० म्हणजे निम्म्याच्याही खाली, त्यामुळे हिशोब जुळतो.

आधी डबा नीट बघा. फुगलाय का, गोडसर रसायनासारखा वास येतो का, टर्मिनलच्या बुडाशी खाऱ्या पाण्याचा हिरवा थर आहे का. फुगली असेल किंवा वास असेल तर पुढे काहीही करू नका, मला कळवा. सगळं ठीक असेल तर लिथियम फॉस्फेटचा, शून्य व्होल्टवरून उठवण्याची सोय असलेला चार्जर मिळवा. १४.४ ते १४.६ व्होल्टचा हवा. साध्या अॅसिड बॅटरीच्या चार्जरवर सल्फेट काढायचा मोड असतो, तो १५ च्या वर जातो, तो लावू नका.

पामबीचवाला:
एवढं कशाला? गाडी सुरू करून जंपर केबल लावा, दोन मिनिटांत उठते. आमच्या सोसायटीत एकाने तसंच केलं.

वागळेचा मिस्त्री:
उठते, मान्य. पण सुरू गाडीचा अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या वर असतो आणि रिकाम्या सेलमध्ये किती अँपिअर घुसतील यावर कुणाचाच ताबा नसतो. आत सेलची अवस्था काय आहे हे कळायच्या आधीच तुम्ही त्यात जोर ओतलेला असतो. मला हे मनापासून नको वाटतं.

चार्जर मिळतच नसेल तर आमच्या बाकावरची रीत सांगतो. एक भरलेली बारा व्होल्टची बॅटरी घ्या, गाडीतून बाहेर काढलेली. वजा थेट वजाला. अधिक मात्र गाडीच्या हेडलाइटच्या ५५ वॅटच्या बल्बमधून. बल्ब मध्ये असला की साडेचार-पाच अँपिअरच्या पुढे करंट जाऊच शकत नाही, आणि वर तोच बल्ब निदान सांगतो. बल्बच्या आतली तार नुसती लालसर झाली तर आत दहा व्होल्टच्या आसपास जीव आहे, दोन बॅटऱ्यांतला फरकच थोडा असल्यामुळे बल्ब मंद राहतो. लख्ख पेटला आणि तसाच राहिला तर आत जवळजवळ काहीच नाही किंवा शॉर्ट आहे, ताबडतोब सोडवा. नेहमीपेक्षाही जास्त पेटला तर तारा उलट्या लागल्यात. अजिबात पेटला नाही तर बीएमएसने चार्जिंगची वाटही बंद केलीय, मग पॅक उघडूनच बघावा लागेल, आणि ते घरचं काम नाही.

जागी झाली की सगळ्यात आधी ॲपमध्ये चारही सेलचे आकडे बघा. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करू नका. इतक्या खाली सेल बराच काळ राहिला की ऋण बाजूच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं आणि चार्ज करताना ते नको तिथे जमून आतून शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी चार्ज झालेली दिसते, पण तिच्या भरवशावर खाडीत जाऊ नये.

ऐरोलीची ताई:
आणि नाहीच वाचली तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ज्या कंपनीची आहे तिच्याकडे चौकशी करा किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्राला द्या. आमच्या बाजूच्या भंगाराच्या गोडाऊनमध्ये लिथियम पॅक घणाने फोडताना मी स्वतः पाहिलंय, खाली लहान मुलं खेळत होती.

दिवाळेकर:
मिस्त्री, तुमच्या रीतीने केलं. डबा सपाट होता, वास नव्हता, टर्मिनलवर थोडा हिरवा थर होता तो ब्रशने काढला. बल्बची तार मंद लाल झाली आणि थोड्याच वेळात ॲपमध्ये नाव आलं! सेल २.६३, २.६१, २.६६ आणि चौथा २.३१. टर्मिनलवर १०.२. पुढे जाऊ का? तो एक सेल खाली आहे त्याची काळजी वाटते.

वागळेचा मिस्त्री:
जा पुढे, पण सावकाश. २.३१ दोनच्या वर आहे, चालेल. चार्जर ५ अँपिअरवर ठेवा, त्याहून जास्त नको. बाल्कनीत, फरशीवर, पडद्यापासून लांब, आणि घरात जागं माणूस हवं. चारही सेल ३ च्या वर गेले की निम्मं टेन्शन संपलं. मध्येच डबा कोमटहून जास्त गरम लागला किंवा तो चौथा सेल वर चढायचंच नाव घेईना तर बंद करा.

शेवटी बाकीचे तीन ३.५ च्या वर जातील आणि चौथा मागे रेंगाळेल. तेव्हा चार्जर काढू नका. बीएमएसमधला बॅलन्सर, म्हणजे चारही सेल सारखे करणारा भाग, फार थोड्या करंटने काम करतो, त्याला तासन्तास लागतात. पूर्ण झाली की एक दिवस काहीही न जोडता ठेवा. दुसऱ्या दिवशी १३.३ च्या खाली आली नाही आणि चौथा सेल एकटाच घसरला नाही, तर बॅटरी तुमची.

मग क्षमता मोजा. वॅटमीटर मध्ये घालून तेच हेडलाइटचे बल्ब लावा, बीएमएस कापेपर्यंत किती एएच निघाले ते लिहून ठेवा. एका बल्बवर वीस तास लागतील, दोन लावले तर निम्मे. हे टाळू नका. व्होल्टेज बघून या बॅटरीचं पोट कळत नाही, १३.२ व्होल्टवर खूप काळ रेंगाळते आणि मग एकदम पडते. खाडीत ते ओहोटीला झालं तर होडी चिखलावर बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत माणूस तिथेच.

दिवाळेकर:
झालं. दुसऱ्या दिवशी १३.३४ होतं, चारही सेल जवळजवळ सारखे. बल्बवर ९१ एएच निघाले. बाबा म्हणाले की मोजलेल्या ९१ मधले ६० च वापरायचे आणि उधाणाच्या दिवसात लांब जायचं नाही, त्यांना वल्ह्याचा भरवसा आहेच. पुढच्या वेळी ठेवताना काय करू?

वागळेचा मिस्त्री:
बाबांचा हिशोब बरोबर आहे. ठेवताना निम्म्याच्या थोडं वर चार्ज करा, ॲपमध्ये ब्लूटूथ किंवा बीएमएस बंद करायची सोय असेल तर बंद करा, फिश फाइंडरची (मासे शोधायच्या यंत्राची) बारीक तारसुद्धा टर्मिनलवर राहू देऊ नका. महिन्यातून एकदा मीटर लावा, १३.० दिसलं की लगेच तासभर चार्जर. माळ्यापेक्षा खाली, पंख्याच्या खोलीत ठेवा, पत्र्याखालचा उकाडा तिला मानवत नाही. आणि होडीवर बसवताना तारांच्या टोकाला टिन चढवलेले लग आणि अधिक टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज. खाऱ्या हवेत साधं तांबं एका हंगामात काळं पडतं.