ख्रिस्ती कौटुंबिक कादंबरी: वचनं किती, शब्द कोणाचे, प्रती किती?

प्रश्न (कोरेपान)

५२,००० शब्दांची कादंबरी पूर्ण झाली आहे. नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट) मंडळीतली मुलगी, वसईचा कॅथलिक मुलगा, दोन्ही घरांचा विरोध. शेवटच्या तीन प्रकरणांत अनुक्रमे पाळकांचं प्रवचन, मुलीचा स्नानसंस्कार (कॅथलिक होताना बाप्तिस्मा) आणि लग्न. ज्यांनी वाचली त्यांचं म्हणणं, उपदेश फार झाला. तो कुठे कापू? बायबलमधली वचनं आणि गाणी वापरायला परवानगी लागते का? स्वतः छापायची तर किती प्रती काढाव्यात?

उत्तर (उत्तरवसई)

उपदेशाचं नंतर बघू, आधी कथानकच अडतंय. मुलीचा बाप्तिस्मा सीएनआयमध्ये झालेला असेल तर कॅथलिक चर्च तो ग्राह्य धरतं. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावे झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. म्हणजे तुमचं स्नानसंस्काराचं प्रकरण घडूच शकत नाही. वसईचा वाचक तिथेच पुस्तक मिटून ठेवेल.

लग्नासाठी तिने कॅथलिक व्हायलाच हवं असंही नाही. मिश्र विवाहाला बिशपांची परवानगी लागते. त्यासाठी मुलाला वचन द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलं कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी शक्य ते सगळं करीन. मुलीकडून असं वचन घेत नाहीत, पण मुलाने काय कबूल केलंय हे तिला सांगावंच लागतं. तुमची कादंबरी खरी इथे आहे! फादरांच्या ऑफिसात ती हे ऐकते, गप्प राहते, आणि संध्याकाळी घरी काय सांगायचं याचा विचार करत बसते. तीन प्रकरणांच्या जागी हे एक लिहा.

शब्दही तपासा. तिच्या घरात बाप्तिस्मा, उपासना, प्रभुभोजन, पाळक. त्याच्या घरात स्नानसंस्कार, मिस्सा, ख्रिस्तप्रसाद, फादर. पाळकांना बायको-मुलं असतात, फादरांना नसतात. एका घरच्या बायबलात ६६ पुस्तकं, दुसऱ्या घरच्या बायबलात ७३. निवेदकाने कोणता शब्द वापरायचा? ज्या पात्राच्या डोळ्यांनी प्रसंग दिसतोय, त्याचा. मुलगी पहिल्यांदा मिस्साला जाते तेव्हा तिला कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे हे कळत नाही, आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत सहसा तिला जाताही येत नाही. एवढ्यानेच दोन घरांतलं अंतर दिसतं. मुलाचं घर कुपारी (वसईतला एक कॅथलिक समाज) असेल तर आजीच्या तोंडी प्रमाण मराठी घालू नका. त्यांची कादोडी बोली येत नसेल तर आजीला कमी बोलू द्या, पण खोटी बोली नको.

उत्तर (अर्धीओवी)

उपदेश सरसकट कापू नका, त्याला काम लावा. एक चाचणी करा. प्रवचनाची पानं बाजूला काढून पुढचं प्रकरण वाचा. काहीच अडलं नाही, तर ते प्रवचन पात्रासाठी नव्हतं, वाचकासाठी होतं. अडलं तर ठेवा, पण दीडशे शब्दांत, तेही ऐकणाऱ्याच्या कानांनी: अर्धं लक्ष शब्दांकडे, अर्धं पुढच्या बाकावर बसलेल्या बापाच्या पाठीकडे.

वचनांचंही तेच. पात्राला संदर्भ आणि ओवी क्रमांकासकट अख्खं वचन म्हणायला लावलं की संवाद मरतो. आजारी आत्या 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढंच म्हणून थांबली, तर ख्रिस्ती वाचक पुढचं मनात म्हणतो आणि इतरांना तिचं थांबणं कळतं. प्रार्थना केली आणि बापाचा विरोध मावळला, असा शेवट मात्र कुणालाच पटत नाही, भाविकाला तर मुळीच नाही. त्याच्या कितीतरी प्रार्थना अजून तशाच पडून असतात. प्रार्थनेनंतर पात्राने काहीतरी महागात पडणारं करावं.

बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीमध्ये प्रचार उघड आहे. तरी आज ती हातात घेतली की मन धरून ठेवतात ते विधवांच्या हालांचे तपशील.

परवानगीबद्दल: ना. वा. टिळक १९१९ साली वारले, त्यांच्या मूळ गीतांवर आता स्वामित्वहक्क नाही. अलीकडच्या कवींच्या गीतांवर असतो, मग ती 'उपासना संगीत' या गीतसंग्रहामध्ये का असेनात. बायबलच्या चालू भाषांतरांचे हक्क प्रकाशकाकडे असतात. कोणतं भाषांतर वापरलं ते सुरुवातीच्या पानावर छापा, आणि लांब उतारे घेणार असाल तर आधी लेखी विचारा. दोन भाषांतरं मिसळू नका, खटकतं.

उत्तर (सोळापानी)

छपाईचा हिशेब. डेमी आकारात पानाला साधारण २७० शब्द धरा, म्हणजे मजकूर १९३ पानं. सुरुवातीची ८ धरून २०१. छपाई १६ पानांच्या फॉर्मात होते, म्हणून १३ फॉर्म, २०८ पानं. सात पानं कोरी राहतील. नाहीतर ९ पानांचा मजकूर कापून १९२ वर, १२ फॉर्मात बसवा. उपदेश कापायचाच आहे, तेव्हा हे आपोआप जमेल.

आकडे नुसते समजण्यापुरते: ३०० प्रती, प्रतीमागे छपाई ८५ रुपये, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून १५,०००. एकूण ४०,५००. किंमत २५० ठेवून वितरकाला ४५ टक्के दिले तर हातात १३७.५० येतात, आणि खर्च निघायला २९५ प्रती खपाव्या लागतात. म्हणजे जवळजवळ सगळ्याच. त्याच प्रती स्वतः २०० रुपयांना विकल्या तर २०३ प्रतींत खर्च निघतो. म्हणून पहिली आवृत्ती ३००च, आणि विक्रीचा भर मंडळ्यांवर. उपासनेनंतर टेबल लावायला पाळकांची परवानगी आठवडाभर आधी घ्या. कादंबरीला इम्प्रिमातुर (चर्चची छापण्याची परवानगी) लागत नाही, पण कॅथलिक चर्चमध्ये विकायची तर फादरांना एक प्रत आधी वाचायला द्या. नाताळ गाठायचा असेल तर फाईल ऑक्टोबरअखेर छापखान्यात हवी. दिवाळीत कामगार सुट्टीवर असतात.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारी पोर्टलवर फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतला तर रफार आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि पडद्यावर नजरेतून सुटलेलं ३०० प्रतींत छापलं जातं.

कोरेपान

स्नानसंस्काराचं प्रकरण काढलं. ईबुक सोबतच आणावं का?

सोळापानी

छापील प्रती निम्म्या संपल्यावर. केडीपीवर (अॅमेझॉनची ईबुक सेवा) भारतातल्या विक्रीला ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट या ठरावीक मुदतीच्या योजनेत नाव घालावं लागतं, आणि तेवढे दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. नाहीतर ३५ टक्के.